लातूरच्या काळ्या मातीत कमी पाण्याची बाग: लॉनही नको, पांढरे गोटेही नकोत

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं कशाला धरून आहे ते कळेल. लातूरच्या बाहेर औशाच्या दिशेला तुमचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे. स्लॅब झाला, प्लास्टर चालू आहे. जमीन काळी. बोअर साडेसहाशे फुटांचा, पण फेब्रुवारी सरत आला की तुटक चालतो आणि मार्चपासून टँकर. आर्किटेक्टने मोकळ्या जागेसाठी दोन चित्रं दाखवली. एकात ५०० चौरस फुटांचं लॉन आणि कडेला पाम. दुसऱ्यात पांढरे गोटे, निवडुंग आणि अगेव्ह, ज्याला ते ‘झेरिस्केप’ म्हणतात. मिस्टरांना लॉन हवंय, सासूबाईंना तुळस आणि मोगरा हवाय, आणि तुम्हाला एवढंच हवंय की झाडांसाठी टँकर मागवायची वेळ येऊ नये. या दोन्हींपैकी काय निवडू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नका निवडू. का, ते सांगते.

लॉनचा हिशेब कागदावर मांडला की मिस्टरांनाही पटेल. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० ते १२ मिलिमीटर उडून जातं, आणि हिरवं ठेवलेलं गवत त्याच्या साठ-सत्तर टक्के पितं. ५०० चौरस फूट म्हणजे ४६ चौरस मीटर. रोज सात मिलिमीटर धरले तर ३२० लिटर झाले. पाइपने पाणी मारताना जे वाऱ्याने उडतं आणि फरशीवर वाहतं ते धरलं की ४०० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कमी-जास्त धरून हे ४० हजार लिटरच्या घरात जातं, म्हणजे पाच हजारांचे आठ टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. तुमच्या चित्रातल्यासारखी बारा लॉनं एका उन्हाळ्यात तेवढं पाणी संपवतात. हे मी कुणाला टोचावं म्हणून लिहीत नाही. आपल्या शहरात राहताना हा आकडा डोळ्यासमोर असलेला बरा, एवढंच.

आता गोट्यांकडे येऊ. आर्किटेक्टचा हेतू चांगला आहे, पण चित्र दुसऱ्या हवामानातलं आहे. झेरिस्केप हा शब्द १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने काढला. त्यामागचा विचार उत्तम आहे: झाडं त्यांच्या तहानेप्रमाणे गटात लावा, मातीत सेंद्रिय खत घाला, जमीन झाकून ठेवा, हिरवळ गरजेपुरतीच ठेवा. यातलं एकही तत्त्व गोटे आणि निवडुंग लावा असं सांगत नाही. ते चित्र मागाहून वाळवंटी भागातल्या बागांवरून पसरलं. आणि डेन्व्हरला वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पाऊस, तोही वर्षभर विखुरलेला, काही बर्फाच्या रूपाने. लातूरची सरासरी ३० इंचांच्या आसपास आहे, म्हणजे दुप्पट, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. आपण दुष्काळी भागात राहतो, वाळवंटात नाही. आपल्या झाडाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गच्च भिजलेल्या चिकणमातीत मुळं धरून उभं राहावं लागतं आणि तेच झाड एप्रिल-मेमध्ये हातभर खोल भेगा पडलेल्या जमिनीत तगावं लागतं. गोल निवडुंग आणि अडेनियम उन्हाळा हसत काढतात, पण काळ्या मातीत सप्टेंबरच्या झडीत बुडाशी सडतात. अगेव्ह म्हणजे आपलं घायपात शेताच्या बांधावर वर्षानुवर्षं टिकतं, कारण बांधावरून पाणी निथळून जातं. तेच सपाट काळ्या मातीत लावलं तर गोष्ट वेगळी.

गोट्यांचं म्हणाल तर काळ्या मातीवर पसरलेले पांढरे गोटे दोन-तीन पावसाळ्यांत खाली जातात आणि चिखल वर येतो. ही माती भिजली की मऊ होते आणि गोटे पायाखाली तिच्यात रुततात, सुकली की भेगांत पडतात. तसं होऊ नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद अंथरतात, मग पावसाचं पाणी मुरायचं बंद होतं. आणि ४२ अंशांच्या दुपारी पांढऱ्या गोट्यांवरून उसळणारी धग थेट तुमच्या खिडक्यांवर आणि झाडांच्या पानांच्या खालच्या बाजूवर जाते. पैसे घालून घर तापवायचं कशाला?

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे. आपल्याकडे कमी पाण्याची बाग म्हणजे कमी पाणी पिणाऱ्या रोपांची यादी नव्हे. चार महिन्यांत पडणारं पाणी प्लॉटच्या मातीत किती साठवता येतं, आणि पुढचे आठ महिने ते किती जपता येतं, त्यावर सगळं ठरतं. आणि या कामात तुमची काळी माती हीच सर्वांत मोठी पुंजी आहे.

लोक काळ्या मातीला घाबरतात. चिकटते, फुगते, भिंतींना तडे देते, हे खरंच आहे. पण एक मीटर खोल चांगली काळी माती झाडाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. तुमच्याकडे पार्किंग आणि वाटा सोडून ७००-७५० चौरस फूट, म्हणजे ७० चौरस मीटरच्या आसपास बाग उरेल. त्या मातीत साधारण दहा हजार लिटर पाणी आपोआप साठतं. दोन टँकर, जमिनीखाली, फुकट. हे पाणी दोन वाटांनी वाया जातं, पृष्ठभागावरून उडून आणि भेगांतून. दोन्हींना एकच उत्तर, आच्छादन. जमीन झाकलेली असली की भेगा उशिरा पडतात, बारीक पडतात.

म्हणून पहिलं काम रोपं आणणं नाही. खड्डा घेऊन बघा. तीन फुटांचा एक खड्डा मागच्या बाजूला, एक पुढे. माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, आणि बांधकामाचा राडारोडा किती गाडला गेलाय ते कळेल. नव्या घराच्या भोवती पहिल्या फुटात विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, चुना, प्लास्टिक हमखास सापडतं. तिथे झाड पिवळं पडलं की लोक खतं घालत बसतात. ठेकेदाराचं बिल चुकतं करायच्या आधी तो राडारोडा त्याच्याकडूनच उचलून घ्या. पायाच्या खोदाईची माती प्लॉटवर ढीग करून ठेवली असेल तर ती विकू किंवा फेकू देऊ नका. वरची काळी माती निवडून बागेत पसरा.

ट्रकभर लाल माती मात्र आणू नका. नर्सरीवाले हा सल्ला हमखास देतात. काळ्या मातीवर लाल मातीचा थर दिला की पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडतं, मुळं वरच्या थरातच फिरत राहतात आणि उन्हाळ्यात तोच थर आधी वाळतो. शिवाय त्या मातीबरोबर गाजरगवताचं बी घरात येतं. आहे त्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वरच्या अर्ध्या-पाऊण फुटात नीट मिसळून, एवढं पुरे. मातीत मिसळायच्या पाणी धरणाऱ्या जेलच्या पुड्याही मिळतात. कुंडीत त्यांचा थोडा उपयोग होतो, पण काळ्या मातीला पाणी धरायला शिकवायची गरज नाही.

घराच्या पायाबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. जोत्याला लागून वाफे करू नका. भिंतीपासून किमान चार फूट फरशी किंवा घट्ट मुरूम, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. एका बाजूला रोज पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन, असं झालं की काळी माती कमी-जास्त फुगते आणि भिंतीला तिरका तडा जातो. आर्किटेक्टच्या चित्रात खिडकीखाली फुलझाडांचे वाफे असतील तर तेवढे खोडून टाका.

आता छपराचं पाणी. तुमचा स्लॅब ११०० चौरस फुटांचा धरला तर १०२ चौरस मीटर झाले. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरून आणि वीस टक्के वाया जातं असं मानून ५७ हजार लिटर पाणी पन्हाळांतून खाली येतं. लॉनला लागलं असतं त्यापेक्षा जास्त. हे सगळं साठवायची टाकी परवडत नाही, आणि गरजही नाही. पाच ते दहा हजारांची एक जमिनीखालची टाकी आणि तिचा ओव्हरफ्लो बोअरच्या पुनर्भरणाला, ही जोडणी मला सर्वांत योग्य वाटते. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी धूळ-पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडण्यासाठी पाइपला झाकण ठेवा. पुनर्भरणाचा खड्डा मुरुमापर्यंत खोल गेला पाहिजे, आत मोठे दगड, खडी, वाळू असे थर हवेत, आणि तो घरापासून दहा-बारा फूट तरी लांब हवा. काळ्या मातीतच थांबलेला उथळ शोषखड्डा भरून उभा राहतो. पाणी मुरत नाही आणि पाया मात्र ओला होतो. आपल्या खालच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी फटी-भेगांतच साठतं, त्यामुळे पुनर्भरणाने बोअर मेपर्यंत चालेलच अशी हमी कुणी देऊ नये. पण त्याचा उपयोग होतो, आणि शेजाऱ्यांनीही केला तर जास्त होतो.

आता आखणी. तुमच्या प्लॉटची पश्चिम बाजू कुठली ते आधी बघा, कारण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतरचं ऊन आणि कोरडा गरम वारा दोन्ही त्याच अंगाने येतात. तिथे सावली उभी केली तर घरही गार राहतं आणि बाकीच्या बागेची तहानही उतरते. या बाजूला एक मोठं झाड आणि कुंपणाला मेंदी. मेंदीइतकं गुणी कुंपण मला दुसरं माहीत नाही. दोन वर्षं सांभाळली की पुढे पावसावर जगते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, कातरून हवी तशी ठेवता येते आणि फुलांना वास असतो. हल्ली ‘झटपट हिरवी भिंत’ म्हणून कोनोकार्पस खपवतात. तो घेऊ नका. मुळं पाइप आणि गटारात शिरतात, फुलोऱ्याच्या काळात परागकणांची ॲलर्जी उठते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

मोठं झाड म्हणून कडुनिंब, पण घर आणि सेप्टिक टँकपासून १५-२० फुटांची जागा असेल तरच. तेवढी नसेल तर बहावा. एप्रिल-मेमध्ये सगळं होरपळत असताना पिवळे घोस लटकतात, आणि त्यासाठी त्याला पाणी घालावं लागत नाही. तिसरा पर्याय आपटा: लहान चणीचा, चिवट, दसऱ्याला घरचीच पानं. गुलमोहराचा आग्रह सोडा. मुळं वरवर पसरतात, फांद्या ठिसूळ असतात, आणि मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात त्या गाडीवर पडतात.

आपली गावठी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतात, हे अनेकांना खटकतं. फेब्रुवारीत नुसत्या फांद्या बघून लोक घाबरतात आणि पाणी ओततात. ती पानगळ म्हणजे झाडाने स्वतःच केलेली पाण्याची बचत आहे. सीताफळ हे त्याचं उत्तम उदाहरण. बीड-धारूरच्या बालाघाट डोंगरातली सीताफळं पावसावरच येतात. पानं गळू द्यायची, ताण द्यायचा, पाऊस आला की फुटतं आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत फळ. तुमच्या परसात दोन सीताफळं, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि हौस असेल तर एक डाळिंब बसेल. शेवग्याची शेंडी छातीच्या उंचीवर खुडा, नाहीतर तो सरळ वर जातो आणि शेंगा काढायला शिडी लागते. लिंबू, पेरू, आंबा यांना मी या प्लॉटवर नाही म्हणेन. जगतात, पण उन्हाळ्यात पाणी मागतात.

झुडपांमध्ये तरवड शोधा. रस्त्याकडेला, माळावर पिवळी फुलं घेऊन उभा असतो, नर्सरीत क्वचित मिळतो. बी गोळा करून पेरावा लागतो. वरचं साल कडक असतं म्हणून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. कोरांटी, निर्गुडी, अडुळसा, तगर, बोगनवेल यांनी सगळ्या कडा भरून निघतील. कण्हेरही चिवट आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. घरात लहान मूल आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, असेल तर ती लावू नका. घाणेरीची रंगीत जात विकायला असते, तीही नको. एकदा पसरली की आवरत नाही. एक्झोरा आणि नाजूक गुलाब चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडतात: शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. लोह मातीत असतं पण झाडाला घेता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी घालत राहिलं की हे आणखी वाढतं.

जमिनीलगत कोरफड, सदाफुली, चिनी गुलाब. आणि एक लाडकी सूचना: जी झाडं स्वतःच जमिनीखाली झोपून उन्हाळा काढतात ती भरपूर लावा. पावसाळी लिली आणि गुलबक्षी. मेमध्ये तिथे काही आहे हे कळतही नाही, आणि पहिल्या वळवानंतर आठवड्यात लिलीची फुलं वर येतात. पाणी घालायचं कामच नाही. परसातला भाजीपालाही याच तालावर ठेवा. जूनमध्ये भेंडी, गवार, दोडका, कारली पेरा, पाऊस सरल्यावर मेथी-कोथिंबीर, आणि संक्रांतीनंतर वाफे मोकळे करून झाकून टाका. उन्हाळ्यात पालेभाजी बाजारातून आणलेली स्वस्त पडते.

मिस्टरांच्या लॉनबद्दल. व्हरांड्यासमोर ८०-१०० चौरस फूट हरळी ठेवा. आपली साधी हरळी, दूर्वांची. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, मरत नाही. दहा दिवसांनी एकदा खोल पाणी दिलं तर तग धरते आणि पहिल्या पावसात हिरवी होते. तीन इंचांच्या खाली कापू नका. मखमली दिसणारं ‘कार्पेट’ गवत यात बसत नाही. उरलेल्या जागेत शहाबादी फरशी सिमेंटवर न बसवता वाळूवर बसवा, सांधे मोकळे ठेवा, पाऊस मुरेल. आणि समोर चोपून केलेलं मुरमाचं अंगण, मधे तुळशी वृंदावन, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लातूर-उदगीरच्या वाड्यांपुढे कधी लॉन नव्हतं आणि ती अंगणं सुंदरच दिसायची.

लागवड कधी? जूनमध्ये पेरणीजोगा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की. शेतकरी ज्या अंदाजाने पेरणी करतो त्याच अंदाजाने. वास्तुशांत फेब्रुवारीत आहे म्हणून फेब्रुवारीत झाडं लावू नका. पाहुण्यांसाठी चार कुंड्या ठेवा. खड्डे मात्र एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. दीड-दोन फुटांची रोपं घ्या, आठ-दहा फुटांची तयार झाडं नाहीत. उंच झाड पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेलं असतं, मुळं गोल-गोल वळलेली असतात आणि लावल्यावर ती तशीच वळत राहतात. लहान रोप तिसऱ्या वर्षी त्याला गाठतं. खड्ड्यात खणलेलीच माती परत भरा, चौथा हिस्सा शेणखत मिसळून. नुसतं कोकोपीट आणि लाल माती भरली तर चिकणमातीत तो खड्डा सिमेंटच्या हौदासारखा वागतो, पावसात पाणी भरून राहतं आणि मुळं गुदमरतात. काळ्या मातीत रोप जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटं उंच बसवा, भोवती मातीची भर द्या. पाऊस संपल्यावर खोडापासून फूटभर अंतरावर गोल आळं करा. पाणी त्या आळ्यात, खोडाला लागून कधीच नाही.

लगेच झाका. लातूरला सोयाबीनचा भुसा, तुराट्या, उसाचं पाचट यांची वाण नाही. भुसा एकटा वाऱ्याने उडतो आणि लवकर कुजतो, म्हणून खाली भुसा आणि वर तुराट्या किंवा पाचट, मिळून तीन-चार इंच. खोडाभोवती वीतभर जागा उघडी, नाहीतर वाळवी सालीपर्यंत पोचते. कडुनिंबाची फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ लोक कोपऱ्यात जाळतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. ऐन गरजेच्या वेळी आलेलं आच्छादन आहे ते.

पाणी देण्याची सवय ही इथे सगळ्यात महत्त्वाची. रोज संध्याकाळी पाइप घेऊन दोन-दोन मिनिटं शिंपडणं हा झाडांना उथळ मुळांची सवय लावायचा मार्ग आहे. पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या झाडाच्या रोपाला आठवड्यातून एकदा १५-२० लिटर, झुडपाला पाच लिटर, सावकाश. तीन-चार झाडं आणि पंचवीस-तीस झुडपं धरली तर सगळी बाग आठवड्याला सव्वादोनशे-अडीचशे लिटरमध्ये भागते. लॉनला तेवढं एका दिवसालाही पुरलं नसतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, तिसऱ्यात महिन्यातून एकदा, पुढे मोठ्या झाडांचं बंद. शंका आली तर दोन फुटांची बारीक सळई जमिनीत दाबा. ओल असेल तिथपर्यंत ती सहज जाते, कोरडं लागलं की अडते. अर्ध्या हाताखाली ओल लागली तर पाणी देऊ नका, पान थोडं मलूल दिसलं तरी. दुपारी बरीच झाडं मान टाकतात आणि सकाळी ताठ असतात. सकाळी मान खाली असेल तेव्हाच पाणी.

ठिबक बसवायचं असेल तर काळ्या मातीत ताशी दोन लिटरचे ड्रिपर घ्या, चारचे नकोत. ही माती हळू पिते आणि पाणी आडवं पसरवते. गच्चीवरच्या टाकीच्या उंचीने मिळणारा दाब ठिबकला लागणाऱ्या नेहमीच्या दाबापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे दाब-नियंत्रित महागडे ड्रिपर तिथे नीट चालत नाहीत. साधे ड्रिपर किंवा मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळ्या, घ्या. बोअरच्या जड पाण्याने तोंडं चोंदतात, म्हणून गाळणी हवीच आणि नळीची टोकं महिन्यातून एकदा उघडून धुवायची. पंचवीस-तीस झुडपांसाठी मला खरं तर मडकीच आवडतात. कच्चा पोत असलेलं, रंग न लावलेलं पाच-सात लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, वर झाकण. पाझरतं तेवढंच झाड घेतं. झुडपांच्या जोडीला मधे एक मडकं पुरतं. दोन-तीन वर्षांनी क्षारांनी छिद्रं बुजतात, तेव्हा बदला. कुंड्या मात्र कमीत कमी ठेवा. मेमध्ये बारा इंची कुंडी रोज लिटर-दीड लिटर मागते, म्हणजे वीस कुंड्या जवळजवळ सगळ्या बागेइतकं पाणी पितात.

राहिला सासूबाईंचा मोगरा. तो ऐन उन्हाळ्यात फुलतो, त्यामुळे त्याला तेव्हाच पाणी हवं. त्यासाठी बागेत एक ओला कोपरा ठरवून ठेवा, आणि तो मोरीच्या पाण्यावर चालवा. आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी अळू, कर्दळ, केळ लावली ती याच समजुतीने. पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी रोजचं शंभर-सव्वाशे लिटर सहज असतं. ते जाळीतून आणि खडी-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून थेट अळू-कर्दळीच्या वाफ्यात जाऊ द्या, पुढे केळ आणि पपई. मोगरा याच कोपऱ्यात पण जरा वरच्या बाजूला लावा, त्याला टाकीतलं पावसाचं पाणी किंवा एसीचं टपकणारं पाणी द्या, साबणाचं नको. मोरीचं पाणी साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि डास होतात. कच्च्या खायच्या भाज्यांनाही ते घालू नका, आणि मोरीजवळच्या अळूची पानं चांगली धुऊन, शिजवूनच खा. कपड्यांच्या पावडरीच्या पहिल्या पाण्यात सोडियम फार असतं, त्याने काळी माती दगडासारखी घट्ट होते. ते गटारात सोडा, खंगाळलेलं शेवटचं पाणी घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओचं टाकाऊ पाणीही झाडांना रोज घालू नका, बोअरचे सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. फरशी पुसायला ते चालतं. आणि जुलै ते सप्टेंबर मोरीचं पाणीही गटारात वळवा. तेव्हा बागेला त्याची गरज नसते आणि साचलेले क्षार पावसाने धुऊन निघतात.

या सगळ्यात आत्ता, याच आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे. रोपं जूनमध्ये येतील, मडकी कधीही पुरता येतील, पण न्हाणीघराची फरशी एकदा बसली की पाइप बदलता येत नाही. प्लंबरला सांगा की न्हाणीघराचा आणि बेसिनचा पाइप संडासच्या पाइपपासून वेगळा काढ, मागच्या कोपऱ्यात एका चेंबरमध्ये आण, आणि तिथे दोन व्हॉल्व्ह बसव, एक बागेकडे, एक गटाराकडे. वॉशिंग मशीनच्या पाण्यासाठी निराळी नळी. गच्चीचे पन्हाळ वेगवेगळ्या कोपऱ्यांत न सोडता एकाच बाजूला गोळा करायला सांगा, जिथे टाकी येणार आहे तिथे. खर्च थोड्या पाइपांचा आणि दोन व्हॉल्व्हांचा आहे. फरशीवाला येण्याआधी हे झालं पाहिजे. मागच्या बाजूचा खड्डा खणलात की त्याचा फोटो आणि मुरूम किती फुटांवर लागला ते मला कळवा, मग टाकी आणि पुनर्भरणाच्या खड्ड्याची जागा नक्की करू.